घोडेवाल्यांच्या पोरीचा आवाज

अप्पा,

दुष्काळाच्या वर्षी तुम्ही खडी फोडत होता आणि मी बाजूला बसून बायांना शर्यत सांगत होते, तो दिवस आज सारखा आठवतोय. आपल्या घरात आज्यापासून शर्यतीचे घोडे. नांदेडकडच्या आपल्या लोहा गावच्या बाजारात लोक आपल्याला घोडेवाले म्हणूनच ओळखायचे. त्या साली कडबा संपला, विहीर आटली, एकेक घोडं गेलं. उरली एक अबलख घोडी. दुपारी कामावर वेळ जाईना, म्हणून मी तिची जत्रेतली शर्यत सांगत होते. वळण येतं, घोडीचा पाय घसरतो, तुम्ही तिच्या मानेवर आडवे होता, मागची दोन घोडी पुढं निघतात. बाया हातोडे थांबवून ऐकतायत. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "माझी हार कामून सांगून राहिलीस सगळ्याला?" मी म्हणाले, "जिंकलेली सगळ्याला ठाव हाय, अप्पा." तुम्ही पुन्हा हातोडा उचललात.

मग घोडी उदगीरकडं, चारा असलेल्या एका ओळखीच्या घरी देऊन आलात. खोगीरही तिथंच ठेवलंत आणि त्याच्या बदल्यात जुना ट्रान्झिस्टर आणलात. माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "लई बोलतीस. आधी ऐकाया शीक." मी ऐकलं. क्रिकेट, हॉकी, जे लागेल ते. बोलणारे सगळे पुरुष. तेव्हाच ठरवलं, यात आपला आवाज घालायचा.

रेणापूरच्या शाळेत मी खेळ शिकवायला लागले, तेवढ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा कबड्डी संघ पहिल्यांदाच उतरला, तोही नांदेडविरुद्ध. माइकवर बोलणारे गुरुजी आजारी पडले, म्हणून मी माइक घेतला. एक पुढारी धावत आला. "बाई, तुम्ही नांदेडकडच्या. आमच्या पोरांचं काय सांगणार?"

"जो खेळंल त्याचं सांगीन."

त्यानं हात पुढं केला. मी माइक सोडला नाही. शेवटच्या चढाईत लातूरचा गडी रेषेच्या बोटभर अलीकडं पकडला गेला आणि मी तसंच सांगितलं, लातूर हरलं. खडे यायला लागले. मी त्याच आवाजात त्या पोराची चढाई पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिघं अंगावर असताना त्यांना ओढत तो कसा आला, रेषेकडं बोटं कशी ताणली. हळूहळू खडे थांबले, कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळं मैदान वाजलं. सामना बघायला आलेले तुम्ही दोरीपाशी पटका हातात धरून उभे होता. एस्टीत बसल्यावर एवढंच म्हणालात, "हाव, हारलेल्याचं बी ऐकतेत लोक."

पुढं रेडिओवर खेळ सांगायला गेले, तर त्यांनी आधी नाकारलं. बोली गावंढळ आहे, म्हणाले. मी पुन्हा गेले आणि तशीच बोलले, फक्त सावकाश. घेतलं. तोवर तुम्ही नव्हता. पुढं कितीतरी मैदानांवरून बोलले, तापात बोलले, बाळ पोटात असताना बोलले. आवाज कधी बसू दिला नाही. आता नव्या मुलींना शिकवते, लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचून बघा गं.

हे पत्रही तसंच मोठ्यानं वाचायला घेतलं. "अप्पा" एवढंच म्हणता आलं. बाकीचं मनातच वाचलं.