एका दाराची दोन कुलपे

ता. २० जून १९३७, रविवार
ही वही माझ्या पोराने, शंकरने आणून दिलेली. वैशाखात तो गेला, तेव्हापासून हात लावला नाही. एवढ्या उशिराबद्दल, बाळा, तुझीच माफी मागतो. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. वकिलांनी नवा कायदा वाचून दाखवला. एकत्र घरातला मुलगा वारला तर त्याचा वाटा आता त्याच्या विधवेला! हयातीपुरता, पण तिचा. दोनदा वाचायला लावले. आजवर काय होते? मी डोळे मिटले की सगळे घर धाकट्या भावाचे, गणपतचे, आणि सूनबाईला नुसते अन्नवस्त्र. आता सरूचा रुपयात चार आणे वाटा!
कायदा चैत्रात लागू झाला. शंकर महिनाभर आधी गेला असता तर सरूला काहीच नसते... बापाने असला विचार करावा. देवा.

ता. २२, मंगळवार
सकाळीच बाजारात. पितळी कुलूप घेतले, सरूसाठी. गणपतचे माझे बिनसले तेव्हापासून, सात वर्षे, वडिलांचे घर रिकामे, आम्ही दोघे दुसरीकडे. त्याने कुलूप घातले, त्यावर मी माझे. आमच्या पेठेत रीतच आहे, ज्याचे कुलूप त्याचा वाटा. आधी काढील त्याने हक्क सोडला. मग सरूचेही हवेच.
दुकानदार म्हणाला, "काका, भीती चोराची का भावाची?"
म्हटले, "चोर परवडला."

ता. २४, गुरुवार
होटगीस जाऊन आलो, सरूच्या माहेरी. तिने कुलूप हातात उलटेपालटे केले.
"मामंजी, बंद घराला आनखी एक कुलूप? मग मी राहू कुटं? हितं भावजय रोज इचारती, कवा जानार म्हनून. दार उगडा, मी एकटी येऊन राहते की."
हे माझ्या डोक्यातच आले नव्हते! तिचे वडील म्हणाले, "भावाभावाच्या भांडनात लेक धाडनार न्हाय." परत येताना गाडीत कुलूप मांडीवर. लाज वाटली.

ता. २७, रविवार
गणपतकडे गेलो. सात वर्षांनी त्याचा उंबरा चढलो.
"दादा, आधी तुझं काढ."
"तू काढ."
झाले सुरू! कायदा सांगितला तर म्हणतो, कायदा गेला खड्ड्यात. तेवढ्यात आतून त्याची बायको, "सरू दारात हुबी राहिली तर तिला काय सांगनार हाय तुमी?"
गणपत ओरडलाच, "येऊ दे तिला! तिच्यासाठी काढीन. तुझ्यासाठी न्हाय!"
घरी कसा आलो, कळले नाही. जेवण गेले नाही.

ता. २९, मंगळवार
काढले! किल्ली फिरेना. तेल घातले, ठोकले, शेवटी लोहार बोलावला. पेठ गोळा झाली. "म्हातारा हरला," कोणीतरी म्हणाले. म्हणोत. कुलूप काढल्याने वाटा जात नाही, वकिलांना तीनदा विचारून घेतले. पण गणपत फिरला तर? व्याह्यांनी धाडलेच नाही तर?
लगेच कार्ड टाकले. नक्कल अशी:
"चि. सौ." लिहून खोडले. नुसते चि. सरूस आशीर्वाद. माझे कुलूप निघाले. तुझ्या चुलतसासऱ्यांचे तू दारात आल्यावर निघेल, तसा त्यांचा शब्द आहे. त्यांचा राग परत चढायच्या आत ये. तुझ्या वडिलांना माझे हात जोडलेले सांग. कोणत्या गाडीने येतेस ते कळव. येणार नसलीस तरी कळव. पण लवकर कळव, पोरी.