मालक घरी असतात

पप्पा, तुमची स्कूटर पास झाली. आणखी पाच वर्षं ती रस्त्यावर चालवायला हरकत नाही असं सरकारने कळवलंय, आणि मालक म्हणून तुमचंच नाव आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला माहीत आहे, कारण अशाच एका गोष्टीवरून तुम्ही मला एकदा चारचौघांत झापलं होतं. म्हणून काय काय झालं ते पहिल्यापासून सांगते. मधे बोलू नका.

झालं असं की सोसायटीने नोटीस लावली. कोपरखैरण्यात माणसाला उभं राहायला जागा नाही, तिथे बंद गाड्या पार्किंग अडवून बसतात, तेव्हा ज्यांची कागदपत्रं संपली आहेत त्या गाड्या महिनाअखेरीस भंगारात जातील. जिन्याखाली तुमची स्कूटर. पंधरा वर्षं उलटलेली, नोंदणीची मुदत संपलेली. सरळ रस्ता मला ठाऊक होता, शेवटी तुमचीच मुलगी. मालक वारला की आधी गाडी वारसाच्या नावावर करायची, मग मुदत वाढवायची. वारस आम्ही दोघीच, आई आणि मी. आईने एका संमतीपत्रावर सही केली की पुढचं सगळं मी केलं असतं. ती मेथी निवडत होती. कागद तिच्यापुढे धरला तर तिने अक्षरं जुळवत पहिली ओळ वाचली आणि तो पालथा घातला. "काहून पुसायचं त्यांचं नाव? कुणाच्या अंगावर पडलंय का ते?" मी म्हटलं, आई, नाव बदललं नाही तर स्कूटर जाईल. "स्कूटर बी राहू दे अन् नाव बी राहू दे. तू एवढी शिकलेली हायस ना, बघ काय ते." आणि पुन्हा मेथी. तुमचा मोबाइल अजून चालू आहे हे सांगायचं राहिलंच. ती दर महिन्याला खालच्या दुकानातून रिचार्ज मारून आणते. लोन देणाऱ्या बायका सोडल्या तर त्यावर कुणाचा फोन येत नाही.

तुम्ही आरटीओच्या भिंतीला टेकून बसायचात. घडीचं टेबल, फॉर्मांचे गठ्ठे, डिंकाची बाटली, उन्हासाठी मोठी काळी छत्री. लोक तुम्हाला एजंट म्हणायचे आणि तुम्हाला राग यायचा. "मी कागद लिहून देतो. एजंट तो, तिकडं गॉगल लावून उभा हाय तो." कॉलेजला सुट्टी लागली की मी तुमच्या मदतीला. चेसिस नंबरचा प्रिंट घ्यायला तुम्ही मला तिथेच शिकवलंत. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, त्यावर पातळ कागद ताणून धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची. आकडे हळूहळू वर येतात. जोर दिला की कागद फाटतो आणि तुम्ही न बोलता दुसरा देता.

आणि तो दिवस. तुम्ही आत साहेबाकडे गेलेले, टेबलावर मी एकटी. तुर्भ्याहून एक बाई आली आहे, कडेवर मूल, हातात टेम्पोचे कागद. नवरा चार महिन्यांपूर्वी गेला, दीर टेम्पोवर हक्क सांगतोय, आत्ताच्या आत्ता पासिंग झालं तर टेम्पो दारात राहील, म्हणते. मालकाची सही पाहिजे. मी एकोणीस वर्षांची, मला तिची दया आली. जुन्या कागदावरची सही बघून मी दोनदा रद्दीवर गिरवली आणि मग फॉर्मवर ठोकून दिली. चांगली जमली होती. तुम्ही आलात, फॉर्म बघितलात आणि त्या बाईच्या समोर उभा फाडलात. मला वाटलं होतं कायद्याचं काहीतरी सांगाल. तुम्ही म्हणालात, "जिवंत माणसाच्या सह्या मी ढिगानं केल्यात. तो उद्या येऊन माझी गचांडी धरू शकतो. मेलेला कुणाची धरणार? त्याच्या नावानं बोलायचं न्हाई." मग त्या बाईला बसवून तुम्ही वारसाचे सगळे कागद लिहून दिलेत. टेम्पो तिला मिळाला की दिराने नेला ते आपल्याला कधी कळलं नाही. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

आता ते टेबल नाही, सगळं ऑनलाइन. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. गाडीचा नंबर टाकला, चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले. वेबसाइटने सांगितलं, मालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मी अजून विचारच करत होते, खरंच. तेवढ्यात आतल्या खोलीत कपाटात तुमचा फोन वाजला. आई जवळजवळ धावत बाहेर आली. गुडघ्यांमुळे ती संडासालाही भिंत धरून जाते, पण तेव्हा धावली. "यांच्या फोनवर काही तरी आलंय गं. नंबर हाय. घे, सहा, शून्य, चार..." ती एकेक आकडा मोठ्याने वाचत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी निमूटपणे टाइप करत गेले. ती मधेच थांबली तेव्हा पुढं काय म्हणून मीच विचारलं. शेवटी हिरवी खूण आली आणि वर तुमचं पूर्ण नाव. स्वागत आहे, असं लिहिलं होतं.

मग काय, एकदा पाय घसरला की खालीच. गॅरेजवाल्याकडून स्कूटर चालती करून घेतली, इन्शुरन्स आणि पीयूसी काढलं. प्रिंट मी स्वतः घेतला, जिन्याखाली उकिडवं बसून, पहिल्या झटक्यात. फॉर्म छापून त्यावर मालकाची सही करायची होती. ती मी केली. तुमची सही मला लहानपणापासून येते, प्रगतिपुस्तकामुळे. दुसऱ्यांदा गिरवावीही लागली नाही.

तपासणीला गाडी घेऊन जावं लागतंच, तेवढं अजून घरबसल्या होत नाही. मैदानात रांगेत उभी राहिले. इन्स्पेक्टर तरुण होता, सभ्य होता. लाइट बघितले, ब्रेक मारायला लावला, चेसिसचा नंबर वाकून कागदाशी ताडला. "मालक कोण?" माझे वडील. "आले नाहीत?" आणि मी म्हटलं, "घरी असतात." हे शब्द इतक्या सहज आले की मीच दचकले. तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मागून आवाज आला, "घरीच असतात साहेब. गुडघे गेलेत त्यांचे, मी ओळखतो ना." वळून बघते तर तुमचे झेरॉक्सवाले चाचा. तुमच्या शेजारी वीस वर्षं मशीन लावून बसलेले, तुमच्या मातीला आलेले. दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. इन्स्पेक्टरने टिक केली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

चाचांनी मला बाहेर चहाला नेलं. "तुझ्यासाठी खोटं बोललो गं पोरी. तो असता ना, दोघांना हाणला असता." आम्ही हसलो. मग ते ग्लास खाली ठेवून म्हणाले, "तो गेला त्या दिवशी पण मी त्याला बोललो होतो, तुझा रंग बरा नाय दिसत, घरी जा. तर बोलतो, पोरीच्या साहेबाचं काम आहे, आजच पायजे तिला. असा होता तो. तुझ्यासाठी काय पण." त्यांनी ते कौतुकाने सांगितलं. तुमचं मोठेपण म्हणून सांगितलं. मी चहा संपवला, त्यांच्या पाया पडले आणि स्कूटर घेऊन निघाले. सिग्नलवर दोनदा बंद पडली.

त्या सकाळी आपलं फोनवर काय बोलणं झालं ते आपण दोघंच जाणतो, आणि आता एकटी मीच. माझ्या साहेबांनी जुनी गाडी घेतली होती, ती त्यांच्या नावावर करायची होती. मी ऐरोलीच्या ऑफिसातून, जिन्यात उभी राहून फोन केला. तुम्ही म्हणालात, "आज अंगात कसकस हाय गं, छाती जड झालीय. उद्या केलं तर चालंल का?" आणि मी म्हटलं, "तुम्हाला नेमकं माझ्याच कामाच्या वेळी होतं." तुम्ही "बरं, करतो" म्हणालात. दुपारी चाचांचा फोन आला. साहेबांना तर ती गाडी पुढच्या महिन्यापर्यंत लागणारच नव्हती. तेरावं झाल्यावर मी कामावर गेले तेव्हा त्यांनीच सांगितलं, अगं, एवढी काय घाई होती.

म्हणून, पप्पा, आई सही करत नाही म्हणून असं करावं लागलं, हे जे मी सगळ्यांना सांगते, ते अर्धंच खरं आहे. तिला मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. वारसाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, मालकाच्या मृत्यूची तारीख. ती माझ्या हाताने लिहायची होती. आईने कागद पालथा घातला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

हे पत्र मी घरात ठेवू शकत नाही. आई सावकाश का होईना, हाताला लागेल ते वाचते. गेली अकरा वर्षं ती अधूनमधून म्हणते, "मीच डबा भरून दिला. मीच त्यांना अडवलं न्हाई." परवा स्कूटरची नवी आरसी आली, ती हातात घेऊनही ती हेच म्हणाली. मी दरवेळी तिला जवळ घेते आणि सांगते, तुझी काही चूक नव्हती आई. कुणाची होती, ते मात्र सांगत नाही.