लिफ्ट सुरू झाली

१२ जून, दुपार

बाळा,

आशीर्वाद. सूनबाईचा खोकला एव्हाना गेला असेल असं धरून चालते. माझं ठीक आहे. पाठ कुरकुरते, पण एखादा दिवस ती गप्प राहिली तर मलाच चुकल्यासारखं होतं.

तुझा निरोप मिळाला. लिफ्ट सुरू झाली का, खाली गेलीस का, फोटो पाठव. झाली सुरू, मंगळवारी. दार रुंद आहे, माझी चाकाची खुर्ची कुठेही न घासता आत जाते. बटणं बसल्या माणसाच्या हाताला येतील अशी खाली लावली आहेत. ती सूचना तुझीच असणार. काम चोख झालंय, हे आधी सांगते.

फोटो काढलेला नाही. काढायला कुणी नव्हतं.

शेजारच्या बाईला तू एकदोनदाच पाहिलं असशील. परक्या देशातून आलेली, इस्पितळात फरशा पुसणारी. माझे पाय गेल्यापासून चार मजले मला उचलून खाली नेलं ते तिनं आणि तिच्या नवऱ्यानं. एक खुर्ची पुढून धरायचा, एक मागून. दर जिन्याला ती मला आपल्या भाषेत काहीतरी म्हणायची. एकदा अर्थ विचारला तर म्हणाली, "आई, तुम्ही कमी जेवा." मी तिला आपली भाषा शिकवत होते. मान आणि मन यांत तिचा कायम गोंधळ. सकाळी दारात उभी राहून म्हणायची, "आई, मन आखडलंय, बाम आहे?" मी हसायचे आणि बाम द्यायचे.

खालच्या मजल्यावरची पालिकेची मदत खोली तिच्यासारख्यांसाठीच होती. नोटीस आली की तिथल्या बाई तिच्या भाषेत समजावून सांगायच्या, गरज पडली तर बरोबर कचेरीत जायच्या. तुला हे मी काय सांगणार, अंदाजपत्रकात ती खोली तुमच्याच विभागाकडे होती.

अंदाजपत्रकावरच्या सुनावणीच्या दिवशी मला त्या दोघांनीच पालिकेच्या सभागृहात आणलं. अपंगांच्या सोयींवर बोलायचं आणि सभागृहालाच पायऱ्या, म्हणून तिथेही उचललं. तू मंचावर कागद चाळत होतास. अध्यक्ष म्हणाले, "आजी, पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. लिफ्ट हवी की ती खोली?" मी म्हटलं, "मला लिफ्ट हवीच आहे. पण ती खोली बंद करून नको. हिच्या आणि माझ्यात निवड करायला मला का सांगता?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तू उठलास आणि विभागाची शिफारस वाचलीस. लिफ्ट.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. तुझा आवाज मधेच कोरडा पडला, तो मी ओळखला. तू माझ्यासाठी वाचत होतास. दुसऱ्या कुणाची आई असती तर तू कदाचित दोन्हीसाठी भांडला असतास.

घरी येताना शेजारीण खूश होती. "आई, आता तुम्ही राणी. आमचे खांदे सुटले." नवराही हसला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

महिनाअखेरीला मदत खोलीला कुलूप लागलं. लिफ्टसाठी खालचा खड्डा खणायला घेतला. त्याच सुमारास तिच्या दारावर पालिकेची नोटीस आली, पालिकेनं भाड्यानं दिलेल्या घरांची फेरतपासणी, समक्ष हजर राहा. मी वाचली, साध्या शब्दांत सांगितली. नवऱ्याला कामावर सुट्टी मिळेना, त्यामुळे मला खाली उचलून नेणारं दुसरं कुणी नव्हतं. नाहीतर मी गेलेच असते बरोबर. ती धाकट्या मुलीला कडेवर घेऊन एकटी गेली.

काय घडलं ते तिनं परत येऊन सांगितलं. कारकुनानं बरंच काही विचारलं. समजलं नाही की ती "हो" म्हणते, तुला माहीत नसेल, तशी सवयच आहे तिला. शेवटी त्यानं विचारलं, "घरात कुणी परकं राहतं का?" हा शब्द तिला समजला. म्हणाली, "हो. आम्ही सगळे."

परका हा शब्द मी तिला शिकवला नव्हता, बाळा. तो ती रस्त्यावर शिकली.

कारकुनानं लिहिलं की घरात पोटभाडेकरू ठेवले आहेत. तिनं सही केली. पंधरवड्यात घर रद्द झाल्याचं पत्र आलं. मी अर्ज लिहिला, कचेरीत फोन केले. तिथून म्हणाले, समक्ष या, दुभाष्या आणा. दुभाष्या कुठून आणू, मी विचारलं, तर म्हणाले, तुमच्या इमारतीतच एक मदत खोली आहे.

मग तुझ्या कचेरीत फोन केला. तुझ्या मोबाईलवर दोनदा करून झाला होता. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. त्याच्यामागे कुणीतरी हळूच म्हणालं, "सांग, नंतर करतो." एवढंच. मी फोन ठेवला. तू कामात असशील. सुनावणीनंतर माझ्याशी काय बोलावं हेही तुला सुचत नसेल. पण आवाज तुझा होता. हे लिहायचं नव्हतं मला, म्हणून बटणांपासून सुरुवात केली.

ते घर सोडून गेले त्या सकाळी ती माझ्या पायांशी बसली. मोठी मुलगी शाळेचा गणवेश घालून तयार होती. तिला वाटत होतं, आधी शाळा, मग नवं घर. मी विचारलं, "कुठे जाणार?" म्हणाली, "नवऱ्याच्या ओळखीचा आहे कुणी. लांब." पत्ता तिलाही माहीत नव्हता. माझ्या पायांवरून हात फिरवत राहिली. मला तिथे काही जाणवत नाही. तरी मी तिला थांबवलं नाही.

मंगळवारी मी लिफ्टनं खाली गेले. एकटी. फाटकाशी बसले, ऊन होतं. येणारेजाणारे म्हणाले, आजी, छान झालं. मी हो म्हटलं.

तुझ्यावर राग नाही. राग असता तर तो काढून मोकळी झाले असते. तू मला फार मोठं काही दिलंस, आणि ते मला रोज वापरावं लागणार आहे.

एकच मागते. तिचं घर रद्द केल्याचा कागद पालिकेतच आहे. कुणाला तरी विचार, तिला पुन्हा बोलावून, तिच्या भाषेत समजावून, तो प्रश्न एकदा नीट विचारता येईल का. ती कुठे आहे हे शोधावं लागेल. माझ्याच्यानं ते होणार नाही. तुझ्याच्यानं होईल.

ते झालं, नाही झालं, तरी ये. फक्त वर येताना जिन्यानं ये. चारही मजले. तिला किती चढावं लागायचं ते तुला कळेल, आणि मग आपण बोलू.

आशीर्वाद आहेतच. त्यांत कपात होत नाही.

तुझी,
आई