रक्ताला निमित्त लागतं

असुन्सिओन

प्रिय डेल्मिरा,

रुफिनामावशी समोर बसली असेल. तिला आधी पाणी दे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसून ब्वेनोस आयरेसला आली आहे. तू हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय ती उठणार नाही. तिचा हट्ट तुला ठाऊकच आहे.

इकडे आई माझ्यावर रुसली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी मी नेमानं घेते, तरी या वेळची तपासणी बिघडली. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आई रोज माझ्या तेरेरेत, नळीनं ओढून प्यायच्या त्या थंड चहाच्या पाण्यात, मूठभर हिरवा पाला कुटून घालत होती, रक्त शुद्ध व्हावं म्हणून! त्यानं गोळीचा जोरच उतरला. आईला सांगितलं तर म्हणाली, “तुझी आजी जन्मभर हेच प्यायली. ही डॉक्टरीण कालची पोर!” आता एकटीच तेरेरेची नळी तोंडात धरून अंगणात बसते. मला फार वाईट वाटतं गं.

माझंच रक्त माझ्यावर का उलटलं, असं तू विचारायचीस ना? डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त गोठण्याचा हा आजार दबा धरून बसतो. गुठळी व्हायला बहुतेकदा काहीतरी निमित्त लागतं. मला न्यूमोनियाचं झालं. अंथरुणाला खिळले आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. मग बाकीची निमित्तं त्यांनी बोटांवर मोजली: तासन्‌तास बसणं, सिगारेट, मूल नको म्हणून घ्यायच्या गोळ्या, लांबचा प्रवास. आई म्हणाली, “म्हणजे जगूच नये की काय माणसानं!” डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. मला मात्र हसू येईना.

कारण त्या बोटांवर तूच होतीस. दिवसभर शिवणयंत्रापुढे बसतेस, सिगारेट सोडत नाहीस, आणि त्या गोळ्यांचं आईला अजून माहीत नाही. त्यात परवा फोनवर सहज म्हणालीस, “डावी पोटरी सुजलीय, चोळून घेते. आईच्या वाढदिवसाला बसनंच येते, अठरा-वीस तास तेवढाच आराम.” मी ओरडले तर म्हणे, “तुला जिकडेतिकडे गुठळ्याच दिसतात!” दिसतात, बाई. हा आजार क्वचित बहिणीबहिणींनाही असतो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तू हसून टाळतेस, म्हणून माणूस पाठवलंय. पोटरी चोळू नकोस, गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाईल. बसचं तिकीट फाडून टाक. मावशीनं खाली टॅक्सी उभी ठेवली आहे. चप्पल घाल आणि या क्षणी इस्पितळात जा. वाढदिवसाला नाही आलीस तरी चालेल. आईला दोन मुली आहेत, त्या दोनच राहू देत.

तुझीच कटकटी बहीण,
झुनिल्दा