हॉलमधली गादी

बाबा, तुम्ही हॉलमध्ये झोपायला लागलात तेव्हा "आत उकडतं" असं सांगितलं होतंत. ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांत उकडायचंच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पण पुढे थंडी पडली, आईने गोधड्या काढल्या, तरी तुमची गादी बाहेरच. मी दहावीत असेन. "आता कुठे उकडतंय, बाबा?" असं सहज विचारलं, तर केवढ्याने ओरडलात, "तू तुझं पुस्तक बघ!" आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. तुम्हाला शुगर निघून तेव्हा काही वर्षं झाली होती. आज मी तुमच्या त्या वयाच्याही पुढे आलोय, मलाही शुगर आहे आणि बाळकुमच्या फ्लॅटमध्ये माझीही गादी हॉलमध्ये आहे. बायकोला सांगितलंय, मी घोरतो, तुझी झोपमोड होते. उकडतं म्हणायची सोय राहिली नाही, आत एसी आहे.

तुम्ही समोर असतात तर हा विषय मी काढलाच नसता. बायकोजवळ जावंसं वाटतं आणि शरीर साथ देत नाही. आधी वाटलं दमणूक असेल, मग ऑफिसचं टेन्शन, मग वय. शेवटी कारणं संपली. तेव्हा मला तुमची गादी आठवली आणि इतक्या वर्षांनी तुमचं ते ओरडणं कळलं. कळून उपयोग काय, सांगा. तुम्ही गेलात, आणि मी तुमच्याच जागी येऊन पडलोय.

आपल्याकडे शुगरवाला पुरुष डॉक्टरकडे कधी एकटा जात नाही. तुमच्याबरोबर आई यायची. तुम्ही खुर्चीत गप्प, आणि आई सगळं सांगायची, कुठल्या लग्नात किती जिलब्या खाल्ल्या, पायाची आग कधी होते. तुम्ही फक्त जीभ दाखवायला तोंड उघडायचात. आता माझी बायको येते. "डॉक्टर, हे कारल्याची भाजी ताटाखाली लपवतात हो," असं ती सांगते, डॉक्टर हसतात आणि मी पालकसभेला आणलेल्या पोरासारखा बसून राहतो. तिचं काही चुकत नाही. माझ्या गोळ्या, माझे मोजे, माझी नखंसुद्धा तीच बघते. पण तिच्यासमोर ते कसं सांगायचं? मागच्या खेपेला तिचा फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आपल्या मुलीसारख्या. त्यांनी हळूच विचारलं, "नवरा-बायकोच्या संबंधांत काही त्रास होतो का? शुगरमध्ये होतो बऱ्याच जणांना, पण सांगत नाहीत. उपाय आहेत. आणि त्यात हृदयही तपासून घ्यावं लागतं, म्हणून विचारते." मी म्हटलं, "छे, छे, तसं काही नाही." बायको आत आली. काय म्हणत होत्या, तिने विचारलं. पायांना जपा म्हणाल्या, मी सांगितलं.

हृदय म्हटल्यावर मला तुम्हीच आठवलात, बाबा. कोलशेतच्या कंपनीतून तुम्ही छातीत दुखतंय म्हणून दुपारीच निघालात आणि घरी पोचलाच नाहीत. तुम्हाला कुणी असं विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हणाला असतात का? नसतात म्हणाला. मी तुमचाच मुलगा आहे, मला माहीत आहे.

तुम्ही आमच्या लग्नात दिलेला डबल बेड अजून आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तुम्ही मला घेऊन गेलेलात. स्वतः वर्षानुवर्षं जमिनीवर झोपणारा माणूस तिथे प्रत्येक बेडवर हात दाबून बघत होता. दुकानदाराला म्हणालात, "शेट, सागवानी दाखवा, कुरकुरणारा नको." मी लाजेने दुसरीकडे बघत होतो. येताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि काहीतरी बोलायला गेलात, पण ठेवणीतला खोकला काढून गप्प झालात. ते काय होतं, याचा मी आता रोज विचार करतो. आज त्या बेडवर एकटी ती झोपते. तो कुरकुरत नाही.

या आठवड्यात आई आमच्याकडे आली आहे. स्वयंपाकघरात दोघी मटार सोलत होत्या आणि मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. आई तिला समजावत होती, "अगं, आमचे हे पण असेच बाहेर झोपायला लागलेले. कंपनीत कोणीतरी असणार. मी कधी विचारलं नाही. पुरुषांचं असंच असतं, तू मनाला लावून घेऊ नको." पेपर माझ्या हातात तसाच राहिला. बाबा, ती इतकी वर्षं हे मनात धरून जगली आहे. तुमच्या फोटोला हार घालते तो हे धरूनच घालते. उठून आत जावं आणि सांगावं, नव्हतं गं कोणी, ते आजारी होते. पण तुमचं सांगायचं तर माझंही सांगावं लागणार. मी उठलो नाही.

काल सकाळी बायको चादर बदलत होती. दोन टोकं माझ्याकडे, दोन तिच्याकडे. चादर ताणता ताणता तिने विचारलं, "तुमचं बाहेर कुठे काही आहे का? असेल तर सांगून टाका. मी तमाशा नाही करणार." तिचे डोळे कोरडे होते. मी चादरीची कड गादीखाली खोचली. "नाही" एवढा एक शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाला नाही. आता तीही आईसारखीच जगेल, आणि मी बघत राहीन.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हे लिहितोय. समोर तिने दिलेला डबा आहे, ज्वारीची भाकरी आणि मेथी. घरी जायच्या आधी हे फाडून टाकीन. फक्त एक तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तिने तसं विचारलं ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, बाबा. माझं बाहेर काही असू शकतं, असं अजून तिला वाटतंय म्हणून.