शिंप्याच्या मागच्या दाराची कडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पत्र्याचे काम, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला गल्लीतल्या डॉक्टरने दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला धमकावू पाहणाऱ्या शेवटच्या माणसाचा गाल मी भाजला होता, ते पुढे येईलच. याआधी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कलम पाचपाशी कागद फाडला.

कलम एक. दुकान आणि वरची खोली माझ्या मुलाला. तो विकणार हे मला ठाऊक आहे. विकू दे, पण पैलवानाला विकता कामा नये. पैलवान म्हणजे कोपऱ्यावरचा भंगारवाला. जन्मात कुस्ती खेळलेला नाही, त्याच्या वतीने लोकांची हाडे इतरच मोडत असतात. मुलाने त्यालाच विकायचे ठरवले तर सगळे भाचीला जावे. पोटचा गोळा असला तरी त्याची जीभ दोन्हीकडे वळते, हे आईला नाही कळणार तर कोणाला!

कलम दोन. ऐरण, हातोडे, सगळ्या कातऱ्या आणि डाख लावून पत्रा सांधायची सळई भाचीला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तिला जिवंतपणी सांगितले नाही, कारण ती लगेच शेफारते.

कलम तीन. न्हाव्याला माझा आरसा. त्याच्यासारखी पत्र्याची बाहुली बनवली, तिचे पोट मोठे केले म्हणून तो अकरा वर्षे माझ्याशी बोलत नाही. रोज पाहावे. पोट आहे तेवढेच मी केले होते.

कलम चार. पत्र्याची गल्ली. दोन दारे जोडून केलेल्या फळीवर आमच्या गल्लीतली एकतीस घरे मी हुबेहूब बनवली आहेत. सव्वासहा वर्षे लागली. ज्याचे घर त्याच्याच घरचा पत्रा, हा माझा नियम. डॉक्टरचे घर औषधांच्या डब्यांचे, शिंप्याचे बटणांच्या डब्यांचे. दुसऱ्याचा पत्रा टाचणीएवढाही लावला नाही. घराघरांत शिरून सुतळीने मापे घेतली. दारे उघडतात, खिडक्या मिटतात. पायरीचा तडा दाखवला म्हणून तावातावाने भांडायला येणारे लोक मग आपल्याच घरापुढे उकिडवे बसून तासभर बघत राहायचे. या लोकांवर माझा फार जीव होता. मला गोड बोलता येत नाही, म्हणून तो असा लावला. ही गल्ली शाळेच्या सभागृहात ठेवावी. तिचे पहिले प्रदर्शन तिथेच झाले होते.

कलम पाच. शिंप्याच्या मागच्या दाराची कडी खराब होती. बाहेरून दार बोटभर उचलले की ती आपोआप खाली पडायची. हे शिंप्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होते. तो म्हणाला, "अक्का, नवी बसवून दे. आमच्या हिला सांगू नकोस, घर डोक्यावर घेईल." मी म्हणाले, "प्रदर्शन होऊ दे." खरे कारण असे की माझ्या पत्र्याच्या दाराची कडीही मी तशीच पडती केली होती. दहा दिवस त्या एका कडीवर घालवले होते. खरी कडी बदलली असती तर माझे काम खोटे ठरले असते.

पैलवानाने समोर उभे राहून गल्लीच्या राखणदाराचे दोन्ही पाय पहारीने मोडवले, ते शिंप्याने पाहिले होते. कोर्टात त्याची साक्ष व्हायची होती. प्रदर्शनाला पैलवानाचा एक माणूस आला. त्याने नखाने शिंप्याचे इवले दार उचलले. कडी पडली. तो हसला. "खरंच अशी आहे का हो?" मी छाती फुगवून म्हणाले, "खोटं निघालं तर नाक कापून देईन."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिघे मागच्या दाराने शिरले. शिंपीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. शिंपी मशीनवर होता. त्यांनी त्याचे डोके मशीनवर इतक्यांदा आपटले की सुई गालातून आरपार गेली, आणि मग त्याचीच मोठी कात्री त्याच्या गळ्यात खुपसली. किंकाळी ऐकून मी हातातली तापलेली सळई तशीच घेऊन धावले. मागच्या दारात प्रदर्शनातला तोच माणूस समोर आला. "म्हातारे, बाजूला हो, नाहीतर तुझाही नंबर लावीन," म्हणाला. मी सळई त्याच्या गालावर दाबली आणि मांस जळल्याचा वास येईपर्यंत काढली नाही. त्याने लाथ घालून माझ्या तीन बरगड्या मोडल्या. सगळे याला माझे शौर्य म्हणतात. ऐकले की मी दुकानाचे दार लावून घेते.

शिंप्याला हातगाडीवर घालून नेले. शिंपीण गाडीमागे अनवाणी धावली. घर रिकामे होते. मी मोडक्या बरगड्यांनी जाऊन जुनी कडी काढली, तशाच घडणीची नवी काजळी फासून ठोकली. दहा मिनिटांचे काम. पोलिसांनी कडी ओढून पाहिली, पक्की निघाली. म्हणजे दार उघडेच होते, म्हणजे बाईनेच उघडे टाकले. तिघांना शिक्षा झाली, पैलवान सुटला, आणि दीर तिला भर गल्लीत "नवऱ्याला मारायला दार उघडं ठेवणारी" म्हणू लागला. एकोणीस वर्षे म्हणतो आहे. एकोणीस वर्षे मी ऐकते आहे.

कडी तिने लावली होती. ती मी पाडली.

कलम सहा. मी गेल्यावर तेराव्या दिवसाच्या आत भाचीने कलम पाच गल्लीत उभे राहून मोठ्याने वाचावे. दिराने सगळ्यांसमोर शिंपिणीची माफी मागावी. न मागेल तर गल्लीने त्याच्याकडून पाव घेऊ नये. त्याची बेकरी किती दिवस चालते ते पाहू.

जोड. वरचे लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून मी शिंपिणीलाच बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणाला होता. माझा भित्रा हिशोब असा की ती आज सही करेल आणि कळेल तेव्हा मी नसेन.

ती म्हणाली, "अक्का, न वाचता मी कुठं सही करत नाही." बसून वाचले. कलम पाच दोनदा वाचले. मग उठून हातोडा घेतला. मला वाटले माझ्या डोक्यात घालते. मी मान हलवली नाही. तिने तो गल्लीवर घातला. एकेक घर चेपत गेली. पत्र्याच्या कडांनी बोटे फाटली, रक्त फळीवरून खाली गळत होते, तरी थांबली नाही. एकतीसच्या एकतीस संपल्यावर धापा टाकत म्हणाली, "रोज झोपायच्या आधी चारदा उठून कडी बघते मी. पोरं मला वेडी म्हणतात. ती कडी तू बसवलेली?"

"हो."

"आणि हे सांगायला तू मरायची वाट बघणार होतीस?"

मी तिच्या बोटांना फडके बांधायला गेले, तिने हात ओढून घेतला.

"उद्या सकाळी. दहा वाजता. भाची नाही, तूच वाचायचंस. बेकरीसमोर उभी राहून."

सबब कलम चार रद्द. ठेवण्यासारखे काही उरलेले नाही. कलम सहा दुरुस्त: उद्या सकाळी दहा वाजता, मी स्वतः, बेकरीसमोर. बाकी कलमे कायम.

ठिकाण: माझे दुकान, ऐरणीजवळ.
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार, दुपारी साडेचार.

सही: पत्रेवाली

साक्षीदार एक: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. दुसऱ्या साक्षीदाराच्या हाताला सात टाके घातले.

साक्षीदार दोन: शिंपीण, डाव्या हाताने. सही माझ्यासमोर झाली. मी सगळं वाचलं आहे. माफ केलेलं नाही.