मुदखेडच्या उकिरड्यातलं धन

अहो,

आज रेखाचा फोन आला. नववा लागलाय तिला. "आई, येतीस का न्हाई, तेवढं सांग," म्हणाली. उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला. मग तुमचाच राग आला, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

जाऊ कशी? लातूर काही परदेशात नाही. पण दाराला कुलूप दिसलं की लोक आपलं घर खणतात. दिवाळीनंतर भोकरला लग्नाला गेले, परत येते तर न्हाणीची फरशी उखडलेली! तेव्हापासून भाजी आणायला गेले तरी अर्ध्या वाटेतून मागं वळते. भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात.

हे सगळं तुमच्या त्या नारळामुळं! शाळा सुटली की तुम्ही स्टेशनामागच्या जुन्या उकिरड्यावर. निजामाच्या काळात साहेब लोकांनी फेकलेल्या बाटल्या, दौती, मलमाच्या डब्यांची चिनी मातीची झाकणं शोधायचात. खुशाल शोधा. पण कुदळ मारायच्या आधी हळदीकुंकू वाहून नारळ कशाला फोडायचा? विहिरीला फोडतात, मग इथंही माती तीच, म्हणायचात. लोकांनी कुंकू पाहिलं आणि ठरवून टाकलं, मास्तर गुप्तधन काढून राहिला.

तेव्हा आपण किती हसलो! गोटी सोड्याची हिरवी बाटली तुम्ही पोत्यात गुंडाळून आणलीत, तर शेजारच्या काकूंनी हंडा आला म्हणून गल्लीभर सांगितलं. तुम्ही त्यांना बोलावून आतली गोटी वाजवून दाखवली. त्यांचं लक्ष मात्र आपल्या चुलीमागच्या जमिनीकडं.

तुमचं हृदय बंद पडलं, हे डॉक्टरांनी सांगूनही कोणाला पटलं नाही. दहाव्याला त्याच काकू माझ्या कानाशी लागल्या. "धन माणूस घेतंयच बाई. कुठं पुरलंय ते काढून टाक, न्हाईतर पोरीच्या पोटावर येईल."

असलं कोणी बोलतं का हो? मी घाबरले. अजून घाबरते. हे तुम्ही माझ्या गळ्यात घालून गेलात.

रेखाला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटतं, आईला लेकीपेक्षा बाटल्या प्याऱ्या. तुमच्या पद्धतीनं बाटल्यांत वाळू घालून हलवते, झाकणं चिंचेनं घासते, हे खरंय. पण परवा फडकं मारताना वाटलं, फुटू देत एकदाच्या!

काकूंना दोष देऊन उपयोग नाही. मी राखण करत बसले, तेव्हाच लोकांची खात्री पटली. काहीच नसतं तर बाई घर धरून का बसली असती?

म्हणून शब्द देते. उद्या सकाळच्या बसनं मी लातूरला निघते. कुलूप लावणार नाही. काकूंना सांगून जाईन, घर उघडं हाय, ज्याला खणायचं त्यानं दिवसाढवळ्या खणा. बाटल्या फुटल्या तर फुटल्या. मी आपल्या नातवंडाला न्हाऊ घालायला चाललेय. आता तुम्हीसुद्धा मला अडवायचं नाही.

तुमची,
शांता